गाडी दोघांची, बोनस कोणाचा? नवरा-बायकोसाठी कार विमा आणि नो क्लेम बोनस

आम्ही जुनी गाडी विकून नवी घेतली तेव्हाची गोष्ट. जुनी माझ्या नावावर होती. नवी बायकोच्या नावावर घेतली, कारण बँक महिला कर्जदाराला व्याजात थोडी सूट देत होती. शोरूममधल्या विम्याच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "सर, जुन्या गाडीवर एनसीबी असेल ना? लावून टाकतो." एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, वर्षभर विम्याचा क्लेम घेतला नाही की पुढच्या प्रीमियमवर मिळणारी सवलत. आमचा पन्नास टक्के होता. त्याने लावला, प्रीमियम घसघशीत उतरला, आम्ही पेढे घेऊन घरी आलो.

आठ महिन्यांनी गाडी समोरून ठोकली गेली. बंपर, एक हेडलाइट, बॉनेट. क्लेम टाकला. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला आणि मग विमा कंपनीचं पत्र आलं: ज्या बोनसवर सवलत घेतली तो एका व्यक्तीच्या नावाचा, पॉलिसी दुसऱ्या व्यक्तीच्या नावाची, सबब क्लेम नामंजूर. "अहो, आम्ही नवरा-बायको आहोत" हे सांगून काही उपयोग झाला नाही. बिल आम्हीच भरलं.

चूक शोरूमची होती तितकीच आमचीही. आम्ही पॉलिसी उघडून वाचलीच नव्हती. एक गाडी दोघं वापरतात अशा प्रत्येक घरात हा घोळ होऊ शकतो, म्हणून पुढचं सगळं जरा तपशिलात लिहितो आहे. नियम भारतातले, खासगी गाडीचे.

आधी मूळ नियम

नो क्लेम बोनस गाडीला मिळत नाही. गाडी चालवणाऱ्यालाही मिळत नाही. तो पॉलिसीवर ज्याचं नाव आहे त्याला मिळतो, आणि पॉलिसी आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, मालकाच्या नावाने निघते. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या नियमावलीत, हे स्पष्ट लिहिलं आहे. दर ठरवायची मोकळीक पुढे कंपन्यांना मिळाली, तरी बोनसची ही चौकट व्यवहारात तशीच चालू आहे.

याचा घरातला अर्थ असा: गाडी नवऱ्याच्या नावावर आहे आणि दहा वर्षं बायकोच रोज ऑफिसला घेऊन जाते, एकदाही ओरखडा आणलेला नाही. बोनस नवऱ्याचा. उद्या तिने स्वतःच्या नावावर गाडी घेतली तर तिची सुरुवात शून्यापासून. अन्यायच आहे, पण नियम तसा आहे. उलट बाजूही तशीच. तिने गाडी कुठे घासली आणि क्लेम घेतला, तर बोनस नवऱ्याचा जातो. भांडणाला पुरेसा मालमसाला.

पायरी पहिली: पॉलिसी काढा आणि चार गोष्टी शोधा

पीडीएफ ईमेलमध्ये कुठेतरी असते. ती काढून दोघांनी एकत्र बघा.

विमाधारकाचं नाव आरसीवरच्या नावाशी जुळतं का? लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर इथे हमखास फरक निघतो: आरसी माहेरच्या नावाने, पॅन सासरच्या नावाने, पॉलिसी तिसऱ्याच स्पेलिंगने. क्लेमच्या वेळी हे निस्तरत बसण्यापेक्षा आत्ताच एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत दुरुस्तीची नोंद, करून घ्या.

मग प्रीमियमचा तक्ता. त्यात दोन भाग असतात. 'ओन डॅमेज' म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि 'थर्ड पार्टी' म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा. थर्ड पार्टी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार वार्षिक रक्कम १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी. बोनसची सवलत या भागावर एक रुपयाचीही मिळत नाही. ती फक्त ओन डॅमेजवर. त्यामुळे 'पन्नास टक्के बोनस' म्हणजे बिल अर्धं होईल असं समजू नका.

तिसरी गोष्ट, बोनसची टक्केवारी. चौथी, थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकाच कंपनीकडे आहेत का. सप्टेंबर २०१८ पासून घेतलेल्या नव्या गाड्यांना थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, आणि ओन डॅमेज दरवर्षी वेगळ्या कंपनीकडून घेता येतो. तुमचं तसं असेल तर बोनसचा सगळा हिशोब ओन डॅमेजवाल्या कंपनीकडे असतो. पत्र मागायला चुकीच्या कंपनीला फोन लावणारे कमी नाहीत.

पायरी दुसरी: बोनस कसा चढतो आणि कसा उतरतो

एक वर्ष क्लेम नाही, तर २० टक्के. सलग दोन वर्षं २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५, पाच वर्षं ५० टक्के. त्यापुढे चढत नाही. एक ओन डॅमेज क्लेम झाला की पुढच्या रिन्यूअलला थेट शून्य. एक पायरी खाली वगैरे प्रकार नाही.

चूक कोणाची, हे बघितलं जात नाही. तुमची गाडी सिग्नलला उभी होती आणि मागून कोणी धडकलं, तरी तुम्ही आपल्या पॉलिसीतून दुरुस्ती करून घेतली की तो क्लेमच. बायको म्हणते 'माझी चूक नव्हती', नवरा म्हणतो 'पण बोनस गेला', आणि दोघांचंही खरं असतं. मात्र तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं आणि त्याने तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई घेतली, तर त्याने बोनस जात नाही.

'एनसीबी प्रोटेक्ट' नावाचं ॲड-ऑन घेतलं तर ठरावीक संख्येचे क्लेम होऊनही टक्केवारी टिकते. किती क्लेम, कोणत्या अटींवर, हे कंपनीगणिक वेगळं. नवशिका चालक घरात आहे आणि बोनस ४५-५० टक्क्यांवर आहे, अशा घराला ते परवडतं. बोनस २० टक्के असताना ते घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

पायरी तिसरी: दोघांपैकी कोणीही चालवू शकतो का?

हो. परदेशात राहून आलेल्यांना याचं आश्चर्य वाटतं, कारण ब्रिटनसारख्या ठिकाणी जोडीदाराचं नाव पॉलिसीत चालक म्हणून घालावं लागतं. आपल्याकडच्या पॉलिसीतलं चालकाचं कलम म्हणतं: वैध लायसन्स असलेली कोणीही व्यक्ती. बायकोचं नाव घालायला नको, वेगळे पैसे नकोत.

पण 'वैध' या शब्दावर सगळं अडतं. लायसन्सची मुदत संपलेली असेल तर ओन डॅमेजचा क्लेम गेला म्हणून समजा. एकाच्या नावावर गाडी असते तेव्हा त्याचं लायसन्स सगळ्यांच्या लक्षात असतं, दुसऱ्याचं कपाटातल्या पाकिटात संपून जातं. दोघांच्याही मुदतीच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. शिकाऊ लायसन्सवर चालवणंही पॉलिसीला मान्य आहे, पण मोटार वाहन नियमातल्या अटी पाळून: गाडीला 'एल' लावलेलं आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेली, शिकवणारी व्यक्ती बसलेली. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात तिला एकटीला फेरी मारायला लावणं त्यात बसत नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, वैयक्तिक अपघात विमा. पॉलिसीत पंधरा लाखांचं जे सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते फक्त 'ओनर-ड्रायव्हर'साठी, म्हणजे मालक असलेल्या आणि लायसन्स असलेल्या व्यक्तीसाठी असतं. गाडी बायकोच्या नावावर, तिच्याकडे लायसन्स नाही, चालवतो नवराच, ही मांडणी आपल्याकडे घरोघरी आहे. इथे तिला ते संरक्षण मिळत नाही आणि त्याला तर नाहीच. त्याहून वाईट म्हणजे, त्याच्याच चुकीने अपघात होऊन त्याला काही झालं, तर थर्ड पार्टीतूनही भरपाई मिळणं अवघड, कारण मालकाची गाडी परवानगीने चालवणारा मालकाच्या जागी धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. तो 'तिसरा' उरतच नाही.

उपाय साधा आणि स्वस्त आहे. चालवणाऱ्या जोडीदाराच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, किंवा कार पॉलिसीतच गाडीत बसणाऱ्यांसाठीचं अपघात संरक्षण वाढवून घ्या आणि त्यात मालक नसलेला चालक धरला आहे का ते लेखी विचारा. ज्याच्याकडे आधीच पंधरा लाखांची अशी पॉलिसी आहे त्याला कार विम्यातलं सक्तीचं कलम पुन्हा घ्यावं लागत नाही, तेवढे पैसे तिथे वाचतात.

पायरी चौथी: नवी गाडी कोणाच्या नावावर?

इथे सर्वात जास्त पैसे हलतात, आणि हा निर्णय बुकिंगच्या फॉर्मवर नाव लिहितानाच होतो. नंतर बदलायला आरटीओ, बँक आणि विमा कंपनी तिघांच्या दारात जावं लागतं.

समजा नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम बोनस धरण्याआधी २०,००० रुपये आहे. नवऱ्याकडे जुन्या गाडीचा ५० टक्के बोनस आहे. गाडी त्याच्या नावावर घेतली तर पहिल्याच वर्षी १०,००० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ११,८०० रुपये वाचतात. बायकोच्या नावावर घेतली तर ती शून्यापासून चढणार: ०, २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०. तो मात्र सगळी वर्षं ५० वरच राहिला असता. फरक काढा: ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं तर पाच वर्षांत २५,००० रुपये अधिक जीएसटी. प्रत्यक्षात गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी उतरते आणि सहसा त्याबरोबर हा प्रीमियमही, त्यामुळे आकडा थोडा कमी भरेल. पण वीस हजारांच्या आसपासची गोष्ट आहे, एवढं डोक्यात ठेवा.

आता बायकोच्या नावावर घेण्याचे फायदे समोर ठेवा. व्याजातली सूट किती? बँकेकडून दोन्ही नावांचे हप्त्यांचे तक्ते मागा आणि शेवटची एकूण रक्कम वजा करून बघा. पाव टक्क्याच्या आतल्या सवलतीने पाच वर्षांत जे वाचतं ते बोनसच्या फरकापेक्षा कमी असू शकतं. कंपनीकडून मिळणारा वाहनभत्ता, कराचा हिशोब, कर्जाची पात्रता ही कारणंही असतात. आणि 'माझ्या पैशांची गाडी माझ्या नावावर' हे कारण तर पूर्ण सबळ आहे, त्याला टक्केवारीची गरज नाही. फक्त त्याची किंमत आधी माहीत असावी.

एक गोष्ट मात्र करू नका: गाडी एकाच्या नावावर आणि बोनस दुसऱ्याचा. शोरूममधून सुचवलं तरी नाही. प्रस्ताव फॉर्ममध्ये बोनसचं एक घोषणापत्र असतं. त्याचा आशय असा की मी सांगितलेला बोनसचा दर बरोबर आहे, आणि तो चुकीचा निघाला तर पॉलिसीच्या पहिल्या भागाचे, म्हणजे ओन डॅमेजचे, सगळे लाभ रद्द. आमचं तेच झालं. चुकून लागला असेल तर आजच कंपनीला ईमेल करा, फरकाचे पैसे भरा आणि दुरुस्त पॉलिसी मागून घ्या. क्लेमच्या आधी केलेली दुरुस्ती आणि क्लेमच्या नंतर सुचलेली दुरुस्ती यांत फार अंतर आहे.

स्कूटरवर साठलेला बोनस कारला लावता येतो का, असाही प्रश्न येतो. नाही. वाहनाचा वर्ग तोच हवा.

पायरी पाचवी: जुनी गाडी विकताना बोनसचं पत्र घ्या

गाडी विकताना सगळं लक्ष किमतीवर असतं आणि बोनस तिथेच सुटून जातो. विक्री झाली की आपल्या विमा कंपनीला अर्ज करा. सोबत फॉर्म २९ ची (गाडी विकल्याचं आरटीओला कळवणाऱ्या फॉर्मची) प्रत, गाडी ताब्यात दिल्याची पावती, आणि झाली असेल तर नव्या मालकाच्या नावाची आरसी. कंपनी बोनस राखून ठेवल्याचं पत्र देते. जुनी गाडी विकल्यानंतर त्या पॉलिसीची मुदत संपल्यापासून तीन वर्षांच्या आत तुमच्याच नावावर दुसरी कार घेतलीत तर तो बोनस तिथे लागतो.

पॉलिसी तशीच खरेदीदाराकडे सोडून देऊ नका. खरेदीदाराला तुमचा बोनस वापरता येत नाही. पॉलिसी त्याच्या नावावर होताना उरलेल्या काळापुरता बोनसचा फरक त्याने भरायचा असतो, आणि हस्तांतरणाचा अर्ज चौदा दिवसांत करायचा असतो. थर्ड पार्टी कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातो, ओन डॅमेज जात नाही.

हे सारं लग्नाआधी जिच्या नावावर कार होती त्या मुलीला सगळ्यात जास्त लागू आहे. लग्न ठरलं, शहर बदललं, 'त्यांच्याकडे गाडी आहेच' म्हणून तिची विकली गेली, आणि तिचा ३५-४५ टक्के बोनस कोणाच्या ध्यानीमनीही नसताना विरून गेला. पत्र घेऊन ठेवा. तीन वर्षांच्या आत घरात नवी गाडी येणार असेल तर ती तिच्या नावावर घेण्याला आणखी एक कारण मिळतं.

परदेशातून परतलेल्या जोडप्यांसाठी: तिकडच्या विमा कंपनीकडून क्लेम नसल्याचं पत्र आणा. तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घेतली तर तो बोनस इथे धरता येतो. पत्रावर ज्याचं नाव, त्यालाच.

पायरी सहावी: घरात दुसरी गाडी येते तेव्हा

जुनी ठेवून दुसरी घेतली तर एकच बोनस दोन्हींना लागत नाही. दुसरी गाडी, कोणाच्याही नावावर घ्या, शून्यापासून सुरू होते, त्या व्यक्तीकडे राखून ठेवलेल्या बोनसचं पत्र नसेल तर.

यात एक वाट आहे. जुनी गाडी नवऱ्याच्या नावावर, ५० टक्के बोनस, पण सात वर्षं जुनी असल्याने तिचा ओन डॅमेज प्रीमियम आता चार-पाच हजारांवर आलेला. नव्या गाडीचा वीस हजार. पन्नास टक्के जुन्यावर वापरून दोन-अडीच हजार वाचवायचे की नव्यावर वापरून दहा हजार? जुनी गाडी रीतसर बायकोच्या नावावर केली की नवऱ्याचा बोनस मोकळा होतो आणि त्याच्या नव्या गाडीला लावता येतो. जुन्या गाडीला बायकोच्या नावावर शून्यापासून सुरुवात, पण तिथे नुकसान थोडं. शिवाय बायकोच्या नावाचा बोनस साठायला लागतो, हा पुढचा फायदा.

'रीतसर' म्हणजे काय, तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आरटीओची फी, कर्ज चालू असेल तर बँकेची परवानगी, आणि पॉलिसीचं हस्तांतर. आणखी एक तोटा: पुढे विकताना ती गाडी 'सेकंड ओनर'ची ठरते आणि भाव थोडा पडतो. लवकर विकायची असेल तर हा खटाटोप करू नका. आधी विमा कंपनीला ईमेलने विचारा की जोडीदाराच्या नावावर हस्तांतर केल्यास बोनस राखून ठेवल्याचं पत्र देणार का. फोनवरचं 'हो सर, होऊन जाईल' कामाचं नाही.

विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी फ्लोटर पॉलिसीला आणि चालवाल तेवढा प्रीमियम या पद्धतीच्या ॲड-ऑनना परवानगी दिली. फ्लोटर एकाच व्यक्तीच्या गाड्यांसाठी आहे. एक त्याची, एक तिची अशा घराला तो लागू पडत नाही. पण दुसरी गाडी महिन्याला चारदा बाहेर निघत असेल तर 'चालवाल तेवढा' जरूर विचारून बघा.

पायरी सातवी: क्लेम करायचा की खिशातून भरायचं?

गाडी घासली की घरात पहिला वाद हाच. तो आकड्यांनी मिटवता येतो. क्लेम केल्यावर पुढच्या वर्षांत किती बोनस बुडेल ते मोजा.

ओन डॅमेज प्रीमियम बोनस धरण्याआधी १२,००० रुपये धरू. सध्या तुमचा बोनस ३५ टक्के आहे. क्लेम केला नाहीत तर पुढची रिन्यूअल ४५, मग ५०, ५०, ५०, ५० अशी. क्लेम केलात तर ०, २०, २५, ३५, ४५. फरकांची बेरीज ४५ अधिक ३० अधिक २५ अधिक १५ अधिक ५, म्हणजे १२० टक्के. रुपयांत १४,४००, जीएसटीसह १६,९९२.

सध्या ५० टक्के असेल तर बेरीज १२५ टक्के: १५,००० रुपये, जीएसटीसह १७,७००. आणि गाडी पहिल्याच वर्षात असेल, बोनस अजून शून्य, तर क्लेम न केल्यास २०, २५, ३५, ४५, ५० आणि केल्यास ०, २०, २५, ३५, ४५. फरक फक्त ५० टक्के, म्हणजे जीएसटीसह ७,०८० रुपये. म्हणून नव्या गाडीला क्लेम करताना फार कचरायचं कारण नाही, जुन्या बोनसवाल्याने मात्र दहादा विचार करावा.

समोरच्या पारड्यात गॅरेजचं बिल ठेवू नका. विमा कंपनी प्रत्यक्षात किती देईल ते ठेवा. त्यातून सक्तीची वजावट जाते: सहसा १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये. झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि आजकालचे बंपर प्लास्टिकचेच असतात. १८,००० चं बिल झालं आणि हातात ११,००० येणार असतील, तर ५० टक्क्यांच्या बोनसपुढे तो क्लेम तोट्याचा आहे.

दोन-तीन छोट्या घासाघाशी साठवून एकदम एका क्लेममध्ये घालायचा सल्ला गॅरेजमधून मिळतो. तो ऐकू नका. वेगवेगळ्या घटना एक म्हणून दाखवणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि सर्व्हेअरला जुना गंजलेला ओरखडा आणि ताजा पोचा यांतला फरक कळतो.

आमच्या घरी आता आकडा ठरलेला आहे. त्याच्या खालचं नुकसान ज्याच्या हातून होईल त्याच्या खात्यातून नाही, तर सामाईक खात्यातून भरायचं. वर असेल तर क्लेम. कोण चालवत होतं हे विचारायचं नाही. (विचारलं जातंच, पण नियम आहे.)

पायरी आठवी: रिन्यूअलची तारीख

पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत ओन डॅमेजचं नूतनीकरण झालं नाही तर साठलेला बोनस संपला. ही सवलत फक्त बोनसपुरती आहे. त्या ९० दिवसांत गाडी रस्त्यावर काढली तर तिच्या नुकसानीला विमा नाही, आणि थर्ड पार्टीही संपला असेल तर विम्याविना चालवण्याला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मुदत उलटल्यावर ओन डॅमेज घ्यायचा तर कंपनी आधी गाडीची तपासणीही करते.

जोडप्यांच्या घरात तारीख चुकते ती एकाच कारणाने: पॉलिसीवर एकाचा मोबाइल नंबर आणि ईमेल असतो, पैसे दुसरा भरतो. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने भरले असतील. दोघांच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण लावा.

कंपनी बदलली तरी बोनस सोबत येतो. जुनी पॉलिसी किंवा रिन्यूअल नोटीस द्या आणि क्लेमची खरी माहिती द्या. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करते.

मृत्यू आणि विभक्त होणं

बोनस जोडीदाराकडे जाण्याचा एकच प्रसंग नियमात आहे, मालकाचा मृत्यू. गाडीचा ताबा आणि वापर पती किंवा पत्नी, मुलं किंवा आई-वडिलांकडे गेला तर मृत व्यक्तीचा बोनस त्यांना मिळतो. पॉलिसी लगेच रद्द होत नाही. ती मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर, चालू राहते. तेवढ्या काळात मृत्यूचा दाखला, वारसा दाखवणारा कागद आणि मूळ पॉलिसी देऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची. आरटीओला तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरायचा. आरसीवर नॉमिनीचं नाव घालण्याची सोय २०२१ पासून आहे. ती आज करून ठेवली तर पुढे धावपळ बरीच कमी होते.

विभक्त होताना गाडी ज्याच्याकडे जाईल त्याच्या नावावर करायची, आणि बोनस मूळ नावाकडे राहतो. तडजोडीच्या कागदात गाडीची किंमत लिहिली जाते, बोनस कोणाच्या लक्षात येत नाही. मूळ मालकाने बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागून घ्यावं, दुसऱ्याने नव्या पॉलिसीचे पूर्ण पैसे धरून हिशोब करावा.

कंपनी ऐकत नसेल तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. बोनसच्या वादात तुमच्या बाजूने बोलतात ते कागद तीनच: भरलेल्या प्रस्ताव फॉर्मची प्रत, आधीच्या वर्षाची पॉलिसी, आणि बोनस कोणाच्या नावाचा आहे हे तुम्ही कंपनीला किंवा शोरूमला कळवल्याचा ईमेल. आमच्याकडे पहिले दोन होते. तिसरा नव्हता, कारण ते बोलणं चहा पिता पिता तोंडी झालं होतं.